मंगळ चंद्राएवढा दिसणार का हो?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच जातीची निघाली म्हणून ती एकत्रच घेतेय. आकाशदर्शनाच्या ग्रुपमध्ये नवीन माणसं वाढली की तेच ते प्रश्न परत परत येतात, जुने वैतागतात, नवे बिचकतात आणि मग दोघंही मलाच पत्र लिहितात. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीयेत.

प्रश्न : ताई, २७ ऑगस्टला रात्री साडेबारा वाजता आकाशात दोन चंद्र दिसणार आणि त्यातला एक मंगळ असणार असा मेसेज आमच्या नणंदेने पाठवलाय. परत २२८७ सालापर्यंत दिसणार नाही म्हणे. मुलं जागायचं म्हणतायत. खरं आहे का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. मुलांना झोपवा.

खरं सांगू का, हा प्रश्न मला २००४ पासून जवळजवळ दर ऑगस्टला येतोय आणि पहिली काही वर्षं मी फार चिडून उत्तर द्यायचे. मग एकदा बसून हा मेसेज मुळात आला कुठून ते शोधलं आणि राग गेला, कारण गोष्ट मजेशीर आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ खरोखरच पृथ्वीच्या फार जवळ आला होता, साधारण ५ कोटी ५८ लाख किलोमीटर, इतका जवळ तो आधीच्या सुमारे ६० हजार वर्षांत आला नव्हता. आणि याहून जवळ यायला २२८७ साल उजाडणार हेही खरंच आहे, म्हणजे तुमच्या नणंदेचा मेसेज तेवढ्यापुरता बरोबर आहे. त्या वेळच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिला तर मंगळ नुसत्या डोळ्याला दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. हिशोब करून बघा, मंगळ तेव्हा आकाशात २५ विकला एवढा होता, त्याला ७५ ने गुणलं की १८७५ विकला, आणि चंद्र असतो अर्धा अंश म्हणजे १८०० विकलांच्या आसपास. गणित चोख आहे! फक्त पुढे पाठवता पाठवता ७५ पटीचा भाग गळाला, २००३ साल गळालं आणि उरला तो हा दुसरा चंद्र.

मंगळ दर २६ महिन्यांनी वगैरे जवळ येतो त्यामुळे बहुतेक ऑगस्ट महिन्यांत तो साधा लालसर ठिपका असतो नाहीतर सूर्याच्या उजेडात हरवलेला असतो. शिवाय तुम्ही रत्नागिरीच्या. ऑगस्टमध्ये तिथे एक चंद्र जरी धड दिसला तरी मला कळवा.

प्रश्न : नमस्कार ताई. आमचं आकाशदर्शन मंडळ २०१६ ला शाळेच्या गच्चीवर ११ जणांनी चालू केलं. दोन दुर्बिणी, एक ताडपत्री, एक चहाचा थर्मास. आता अमावास्येच्या शनिवारी माळावर दीडशे-दोनशे लोक येतात आणि दर वेळी त्यातले निम्मे नवीन असतात. आनंदच आहे पण प्रश्न ठरलेले. तो चमकतोय तो ध्रुव का, सप्तर्षी कुठाय, कोणता टेलिस्कोप घेऊ, यातून चंद्रावरचा झेंडा दिसतो का, आणि आयपीसला डोळा लावला की 'काहीच दिसत नाहीये'. गेल्या महिन्यात आमच्यातले एक ज्येष्ठ सर एका मुलावर ओरडले, "मागच्या वेळी सांगितलं ना सगळं!" तो मुलगा मागच्या वेळी आलाच नव्हता हो. त्याची आई त्याला घेऊन शनी बघायच्या आधीच निघून गेली. आता मीटिंगमध्ये दोन ठराव आलेत. एक, नव्या माणसाने आधी आमची पुस्तिका वाचून यायचं. दोन, पहिल्या तीन वेळेला नुसतं ऐकायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. मी चिटणीस आहे, मला दोन्ही पटत नाहीत पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. (सांगली जिल्हा)

उत्तर : दुसरा ठराव तर आजच फाडून टाका. रात्री अकरा वाजता थंडीत माळावर उभ्या असलेल्या माणसाला आकाश दाखवायचं आणि वर गप्प बस म्हणायचं, हे काय लग्नात जेवायला बोलवून तोंड उघडू नका म्हणण्यासारखं झालं.

पुस्तिकेचं मी स्वानुभवावरून सांगते. आम्ही पण काढली होती. ३२ प्रश्नोत्तरं, आकृत्या, झेरॉक्स, मधोमध स्टेपल, आम्हाला फार अभिमान. पानशेतच्या पुढे आमची जागा होती तिथे गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक दिली. लोक बिचारे आज्ञाधारक, त्यांनी लगेच वाचायला घेतली, आणि अंधारात वाचायची म्हणजे काय, मोबाईलचे टॉर्च लागले की! एकाच वेळी चाळीस-पन्नास पांढरे झोत. अंधाराला डोळा सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, तो सगळ्यांचा एका क्षणात गेला, जुने लोक बोंबलायला लागले आणि नव्यांना कळेचना की आपण दिलेलंच वाचतोय तर चुकलं काय. उरलेल्या प्रतींवर नंतर दोन सीझन आम्ही वडापाव खाल्ले.

म्हणून पुस्तिका काढायचीच तर घरी वाचायला आधी पाठवा आणि ती कुणी वाचणार नाही असं गृहीत धरून कामाला लागा.

आता खरं काम. पुढच्या शनिवारी एक माणूस दुर्बिणीपासून मोकळा ठेवा, त्याच्या हातात एक वही द्या आणि टॉर्चला लाल जिलेटीन पेपर रबरबँडने लावून द्या. त्याने कुणाला काही सांगायचं नाही, फक्त कोण काय विचारतंय आणि कुठे उभं राहून विचारतंय ते टिपायचं. आमच्याकडे एक सीझन हे मी स्वतः केलं. मला वाटत होतं लोकांना खगोलशास्त्र माहीत नाही म्हणून प्रश्न येतात. वहीत निघालं भलतंच.

तुमचं ते 'काहीच दिसत नाहीये' घ्या. आमच्याकडे आठ इंची डॉब आहे, म्हणजे साध्या बैठकीवर ठेवलेली डॉबसोनियन दुर्बीण, मोटर नाही, हाताने ढकलायची. शंभर पटीवर शनी लावला की तो आयपीसच्या या कडेपासून त्या कडेला जायला दोन मिनिटं लागतात, कारण खाली पृथ्वी फिरतेय. लावणारा लावतो, पहिलीला दिसतो, ती "अय्या" म्हणते, दुसरा चष्मा काढू की ठेवू विचारत अर्धा मिनिट घालवतो, तिसरीची उंची पुरत नाही म्हणून ती नळीला धरून टाचा उंचावते आणि नळी हलते, आणि चौथ्याचा नंबर येतो तेव्हा शनी केव्हाच निघून गेलेला असतो. तो प्रामाणिकपणे सांगतो की काही दिसत नाही. आपण लांबूनच ओरडतो, नीट बघ, एक डोळा मीट! तो नीट बघतो, काळंच दिसतं, मग तो खोटंच "हां हां दिसलं" म्हणतो आणि बाजूला होतो. हे "हां हां दिसलं" मी इतक्यांदा ऐकलंय की आता आवाजावरून ओळखू येतं.

यावर आम्ही काय केलं तर वेताच्या खुर्चीवाल्याकडून दोन पायऱ्यांचं एक स्टूल बनवून घेतलं, दर तीन माणसांनंतर दुर्बीणवाल्याने स्वतः डोळा लावून नेम परत धरायचा असं ठरवलं, आणि आयपीसवर श्वासाची वाफ धरते ती पुसायला नाही तर नुसतं वारा घालायला एक हातपंखा ठेवला. बस. तो प्रश्न जवळजवळ बंद झाला. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला नव्यांचं अज्ञान म्हणत होतो ते आमचं नसलेलं स्टूल होतं.

सप्तर्षीचंही तसंच. लोक दिवाळीनंतर येतात कारण पावसाळ्यात आपला कारभार बंद असतो, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे उगवलेलेच नसतात, ते उत्तररात्री वर येतात. शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी सप्तर्षीवरून ध्रुव शोधलाय, इथे येऊन सप्तर्षीच नाहीत, मग तो विचारणार नाही तर काय करणार? तुम्ही सुरुवातीलाच उत्तरेला हात करून सांगा की सप्तर्षी आत्ता सुट्टीवर आहेत, त्यांच्या जागी ही शर्मिष्ठा, इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी. विषय संपला.

तेव्हा माझा सल्ला असा की दुर्बिणींची रांग लागायच्या आधी, अजून पुरता काळोख व्हायचाय अशा वेळी, सगळ्यांना ताडपत्रीवर बसवून वीस मिनिटं एकानेच बोलायचं. भाषण नाही. हाताने करायच्या गोष्टी. हात सरळ लांब करून मूठ वळली की ती साधारण दहा अंश, मुठीवर मूठ ठेवत उत्तरेच्या क्षितिजापासून वर जा, तुमच्याकडे ध्रुव सतरा अंशांवर म्हणजे दोन मुठीसुद्धा भरत नाहीत. पुण्यात साडेअठरा. गावाचा अक्षांश तीच ध्रुवाची उंची. लोकांना वाटत असतं ध्रुव डोक्यावर असतो आणि सगळ्यात तेजस्वी असतो, मग त्यांना दाखवा की तो मधल्या फळीतला खेळाडू आहे, तेजस्वी ताऱ्यांच्या यादीत पहिल्या चाळिसातही त्याचा नंबर नाही, एक नंबरला व्याध आहे आणि दोन नंबरला अगस्त्य. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊ-सव्वानऊला माळावर पाठ फिरवून दक्षिणेला तोंड केलं की अगस्त्य बरोबर दोन मुठींच्या आसपास असतो, उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, जवळजवळ सारख्याच उंचीवर. हे मुठी लावून मोजणारी दोनशे माणसं मी एकत्र बघितलीयेत, त्यात एक आजी होत्या, त्यांनी घरी जाऊन गच्चीवरून परत मोजलं आणि पुढच्या वेळी येऊन सांगितलं की आमच्याकडे पावणेदोन मुठी येतात, टाकीमुळे. अशा माणसाला परत ध्रुव कुठला विचारावं लागत नाही, उलट ती शेजारच्याला दाखवते.

आणि याच आजी तुमच्या अडचणीचं दुसरं अर्धं उत्तर आहेत. उत्तरं द्यायचं काम जुन्या, फार जाणत्या माणसांकडे ठेवूच नका. ज्याने मागच्या सीझनला तो प्रश्न विचारला त्याला यंदा त्या प्रश्नावर उभा करा. त्याला ते उत्तर नवंनवं कळलेलं असतं, आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं, आणि मुख्य म्हणजे त्याला सांगायचा कंटाळा आलेला नसतो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाच्या मेंबरला हातावर बांधायला लाल रिबन देतात आणि नव्यांना सांगतात की काहीही विचारायचं तर रिबनवाल्याला. रिबनवाल्याला येत नसेल तर तो जुन्याकडे नेतो. पाळी महिन्याला बदलते. चुकीची उत्तरं जातात का? जातात की. एकाने कृत्तिकांच्या लहानशा झुबक्याला सप्तर्षी म्हणून दाखवलं होतं, छोटे सप्तर्षी म्हणे. दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त केलं, तोही हसला. ओरडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

तुमच्या सरांबद्दल. त्यांना मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोलू नका, माणूस दुखावला की दुर्बीण घेऊन घरी बसतो (आमच्याकडे झालंय, दुर्बीण त्यांचीच होती). त्यांना रात्री एकनंतरचा तास द्या. तोवर गर्दी पांगते, उरतात ती खरी वेडी दहा-पंधरा माणसं आणि त्यांना सरांचं अवघड काहीतरी ऐकायचंच असतं. आणि त्या मुलाच्या आईला चिटणीस म्हणून तुम्ही स्वतः फोन करा. माफी वगैरे लांबड नको, पुढच्या शनिवारी शनी त्याच्यासाठी पहिला लावू म्हणावं.

एक राहिलंच. काही जण खरोखर आळशी असतात, तिसऱ्या वर्षीही दर वेळी 'किती वाजता निघायचं, जेवण आहे का' विचारणारे. त्यांच्यासाठी माझ्याकडे काही उपाय नाही, त्यांना चहाच्या पाळीवर टाका.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त, वय ६८, बावीस वर्षं हौशी खगोलमंडळात आहे. 'शनीला कडी दिसतात का', 'ग्रह किती', 'शनीला चंद्र किती', 'साडेसातीचं काय', हे ऐकून कान किटले. माझी उत्तरं पाठ आहेत, झोपेतही देईन. मी काय टेपरेकॉर्डर आहे का? नव्या लोकांनी थोडं स्वतः वाचावं ही अपेक्षा चूक आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : अपेक्षा चूक नाही काका, पण ती पाठ उत्तरं एकदा तपासून बघा बरं.

शनीच्या कड्यांचंच घ्या. २०१७ च्या सुमाराला कडी चांगली सत्तावीस अंश कललेली होती, साध्या दुर्बिणीतूनही थाळीसारखी दिसायची. तेव्हा "हो, झकास दिसतात" हे उत्तर बरोबर होतं. मार्च २०२५ मध्ये आपण त्या कड्यांच्या अगदी पातळीत आलो. त्यांचा पसारा पावणेतीन लाख किलोमीटर असला तरी जाडी मोजायची ती मीटरमध्ये, त्यामुळे कडेने बघितलं की त्या जवळजवळ नाहीशाच होतात, आणि ते सबंध वर्ष शनी म्हणजे लिंबात सुई खुपसावी तसा दिसत होता. त्या वर्षी कुणी तुम्हाला विचारलं असेल आणि तुम्ही झोपेतलं उत्तर दिलं असेल तर त्या पोराने आयपीसला डोळा लावून काय विचार केला असेल सांगा. त्याला वाटलं असणार आपल्यालाच दिसत नाहीये. आता कडी हळूहळू परत उघडतायत, दर वर्षी उत्तर थोडं थोडं बदलणार, परत अशा मिटायला २०३८-३९ उजाडेल.

ग्रह किती? २००६ च्या ऑगस्टपर्यंत नऊ, नंतर प्लूटो वगळून आठ. शनीला चंद्र किती? हे तर तुम्ही बावीस वर्षांपूर्वी जे पाठ केलं असेल ते आता विसराच, मार्च २०२५ मध्ये एका झटक्यात १२८ नवे जाहीर झाले आणि आकडा २७४ वर गेला. आकाशात एका रांगेत चाललेले दिवे दिसले, काय असेल हो, असं २०१८ मध्ये कुणी विचारलं असतं तर मी पण विमानं असतील, आकाशकंदील असतील म्हणून वाटेला लावलं असतं. मे २०१९ मध्ये स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे साठ उपग्रह एकदम सोडले आणि तेव्हापासून त्याच प्रश्नाचं उत्तर वेगळं झालं. सोडल्यावरचे पहिले काही दिवस ते मुंग्यांसारखे रांगेत दिसतात आणि मग वर जाऊन पांगतात. ध्रुवाचं उत्तर मात्र तुमच्या हयातीत बदलणार नाही, त्या जागेजवळ अभिजित तारा यायला अजून बारा हजार वर्षं आहेत, ते निर्धास्त पाठ ठेवा.

मी स्वतः दर दिवाळीला, सीझन चालू व्हायच्या आधी, आपली ठरलेली उत्तरं एका कागदावर लिहून काढते आणि यंदा यातलं काय खोटं झालंय ते बघते. दर वर्षी एक-दोन तरी निघतातच. त्या निमित्ताने मलाच काहीतरी नवीन वाचावं लागतं, नाहीतर आपणही वाचत नाहीच की हो काका, खरं सांगा.

साडेसातीचं उत्तर मी हसून एकाच वाक्यात देते की शनी आपल्यापासून सव्वाशे-दीडशे कोटी किलोमीटरवर असतो, त्याला आपलं घर सापडत नाही. वाद घालत नाही. अंधारात वाद घातला की दोन्हीकडचे आवाज चढतात आणि रांग खोळंबते.

आणि कंटाळा आला असेल तर सरळ एक सीझन उत्तरं देऊ नका. आरामखुर्ची टाका, ब्लँकेट घ्या, स्वतः आकाश बघा. बावीस वर्षांत दुसऱ्यांना दाखवता दाखवता तुम्ही स्वतः शेवटचं कधी पोटभर बघितलंत? डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, त्याला दुर्बीण लागत नाही, नेम धरावा लागत नाही, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. आडवं पडायचं. तेवढं यंदा करा.

प्रश्न : मॅडम, ग्रहणात जेवायचं की नाही? आमच्या ग्रुपमध्ये दर ग्रहणाला यावरून भांडण होतं, जुने मेंबर म्हणतात हा प्रश्नच बंद करा. (सोलापूर)

उत्तर : जेवायचं. आम्ही तर ग्रहण बघता बघता पोहे खातो. ग्रहण म्हणजे सावली, सावलीने अन्नाला काही होत नाही.

प्रश्न मात्र बंद करू नका. १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण कर्नाटकातून गेलं, आपल्याकडे खंडग्रास होतं, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, माझ्या आजीने आम्हा पोरांना खिडक्या लावून आत कोंडलं होतं. म्हणजे एवढी मोठी गोष्ट डोक्यावर घडत होती आणि मी पलंगाखाली पत्ते खेळत होते, ते मला अजून सलतं. ज्या घरातून माणूस येतो तिथे आजही हेच चालू असेल तर तो हे विचारणारच, आणि तो तुमच्याकडे विचारायला आलाय म्हणजे खिडकी अर्धी उघडलेली आहे. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास दिसायचं आहे, ऐन पावसाळ्यात, ढगांनी सोडलं तर. ग्रहणाचे चष्मे आधीच आणून ठेवा, काजळी धरलेली काच आणि एक्सरेचे तुकडे नकोत. हा दुसरा नेहमीचा प्रश्न, न विचारता उत्तर देऊन टाकलं.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला टेलिस्कोप घ्यायचाय पण आमच्याकडच्या क्लबमध्ये 'कोणता टेलिस्कोप घेऊ' विचारलं की सगळे एकमेकांकडे बघून हसतात. मी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, आला आणखी एक! तेव्हापासून जायला लाज वाटते. ऑनलाइन एक बघितलाय, ५२५ पट मोठं दाखवतो असं खोक्यावर लिहिलंय, ७० मिलिमीटरचा. घेऊ का? (नागपूर)

उत्तर : तो घेऊ नकोस. आणि क्लबला परत जा.

हसणाऱ्यांचं सांगते, त्यातल्या निदान निम्म्यांच्या माळ्यावर असाच एक ५२५ पटवाला पडलेला असतो, म्हणून हसतात. माझ्याही आहे. साधा हिशोब लक्षात ठेव, भिंगाचा व्यास जितका मिलिमीटर त्याच्या दुप्पट, त्यापलीकडे पट वाढवून नुसता धूसर गोळा दिसतो. ७० चा असेल तर १४० पट, फार तर. खोक्यावर ५२५ लिहिणाऱ्याने तिथेच तुला सांगून टाकलंय की तो कसा माणूस आहे. शिवाय त्या स्वस्त सेटचा ट्रायपॉड इतका लुळा असतो की फोकसला हात लावला की चंद्र पाच सेकंद नाचतो.

पण 'कोणता घेऊ' याला एक उत्तर नाही रे, म्हणून तर तो प्रश्न संपत नाही. जतजवळच्या एका शेतकऱ्याने मला हाच प्रश्न विचारला होता, त्याच्याकडे काळाकुट्ट अंधार, मोकळं शेत, ठेवायला गोठा, त्याला मी डोळे झाकून आठ इंची डॉब सांगितली. ठाण्याच्या एका बाईंनी शब्द न बदलता तोच प्रश्न विचारला, त्यांच्याकडे पाचव्या मजल्यावरची पश्चिमेची गॅलरी आणि समोर हॅलोजनचा खांब. त्यांना डॉब सांगितली असती तर तिच्यावर टॉवेल वाळत पडले असते. तेव्हा पुढच्या वेळी विचारताना हे सगळं सांगून विचार. गच्ची आहे की गॅलरी, जिने किती चढवायचा, गाडी आहे का, चष्मा आहे का, पैसे किती, आणि तुला चंद्र-ग्रह बघायचेत की तेजोमेघ. असं विचारलंस की तोच हसणारा माणूस तुला तासभर सोडणार नाही, हे मी लिहून देते.

आत्तापुरतं म्हणशील तर १०×५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण घे. दहा पट, पन्नास मिलिमीटरची भिंगं. कठड्यावर कोपर टेकून गुरूकडे धर, बाजूला एका रेषेत बारीक ठिपके दिसतील, गुरूच्या चार मोठ्या चंद्रांतले जितके त्या रात्री बाहेर असतील तितके, गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत बघितलेले तेच चंद्र. रोज त्यांच्या जागा वहीत काढ. नागपूरच्या बाहेर थोडं अंधारात गेलास तर देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या शेजारची आकाशगंगा, पण त्यातून दिसते, कापसाचा बोळा चोळून ठेवल्यासारखी, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. एक हिवाळा हे कर आणि मग टेलिस्कोपचं ठरव, तोवर क्लबमधल्या चार-पाच वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावून झालेला असेल, विकत न घेताच.

क्लबला जाताना कानटोपी घे, जाड मोजे घे, टॉर्चला लाल कागद लावून ने. आणि तिथे गेल्यावर एखादं नवीन पोरगं कोपऱ्यात उभं दिसलं, कुणाला विचारू असं बघत असलेलं, तर त्याच्याकडे आधी जा. नुकताच फसता फसता वाचलास, ५२५ पटीचं गणित तूच सांग त्याला.